रोवण्यातली मोकळी जागा

करडी गावच्या तेजरामला त्या वर्षी भाताच्या रोवण्याला बाया कमी पडल्या, म्हणून सुंदरबाईला बोलावणं आलं. एरवी तिला कोण विचारणार? महारोगाच्या दवाखान्यातून ती चांगली ठणठणीत होऊन आली होती. हिच्यापासून कुणाला काही व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी गावात येऊन सांगितलं होतं. पण डाव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली, आणि गावाला तेवढी पुरली.

बायांची पुढारीण चंद्रभागाबाई. तिनं तेजरामला बजावलं, "येऊ दे तिले. पण धुऱ्याकडच्या टोकाले रोवू दे, आमच्यापासून चार हात दूर."

झालं! बांधाजवळ भाताच्या रांगेत तेवढा चिखल मोकळा पडू लागला. सुंदरबाईला मजुरीपेक्षा त्या बायांत मिसळायची भूक होती. नुसतं दुरून ऐकून तिचा जीव तुटायचा.

ऐकण्यासारखं होतंही पुष्कळ. जिचा हात मागे पडेल तिनं स्वतःवर बेतलेली गोष्ट सांगायची, असा त्यांचा नेम. कौशल्याबाईनं लग्नानंतर पदराआडून नवरा समजून सासऱ्यालाच झापलं होतं, ते ऐकून सगळ्या लोटपोट झाल्या. सुंदरबाईचा हात मात्र भारी चलाख. ती मागे पडतच नव्हती, आणि कुणी आपणहून विचारतही नव्हतं.

एका दुपारी ती सरळ उभीच राहिली. "मी मांगं पडली. आता माही गोष्ट ऐका लागते."

मुद्दाम पडली होती, हे न कळायला बाया काही खुळ्या नव्हत्या. पण नेम तो नेम. गोष्ट सुरू झाली.

"दवाखान्यात मले सानगडीच्या बायजाबाईजवळ बसवलं. तिलेबी हाच रोग. मी अशी सरकली, अशी सरकली, भिताडाले चिकटली! म्हटलं, तुमचा रोग मले लागन ना!" इथं सुंदरबाईनं आवाज हळूच उतरवला. बाया ऐकायला जवळ सरकल्या. "तं बायजाबाई म्हणे, काहून व, तू काय इथं पाहुणी म्हणून आली का?"

चिखलात हशा पिकला.

"मीच रोगी, अन मीच भेली," सुंदरबाई म्हणाली. "मंग तुमच्यावर कोन्या तोंडानं रागावू?"

कौशल्याबाईनं नाक ओढून डोळे पुसले. पलीकडच्या टोकाला चंद्रभागाबाईला यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं, आणि हसण्यातून आपण बाहेर राहिलो हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

"का झालं व? कायले दात काढून राहिल्या?"

कौशल्याबाईनं सांगायला घेतलं आणि सगळा विचका केला. मग चंद्रभागाबाईच चिखल तुडवत तरातरा आली, सुंदरबाईला खेटून उभी राहिली. "हं. पहिलेपासून सांग."

सुंदरबाईनं पुन्हा सांगितलं. 'पाहुणी' येताच चंद्रभागाबाई अशी हसली की पाय घसरला, आणि तोल सावरायला तिनं जे हाताला लागलं ते घट्ट धरलं. तो सुंदरबाईचा डावा हात होता. दवाखान्यातून आल्यापासून त्याला कुणी धरलं नव्हतं.

"मंग? पुढं का झालं?" चंद्रभागाबाईनं तो हात तसाच हलवत विचारलं. "बोल ना व!"

सुंदरबाईला पुढचं काही आठवेना.