हसरा चेहरा दाबा

आमची कंपनी सरकारी इमारतींमधल्या लिफ्टची देखभाल करते. लिफ्ट वर गेली पाहिजे आणि खाली आली पाहिजे, काम एवढंच. पण हल्ली एवढ्यावर कंत्राट मिळत नाही. समाजासाठी काय कराल, तेही निविदेत लिहावं लागतं. आधी आम्ही झाडं लावायचो. पण झाडं सगळेच लावतात, आणि ती वाळली की रस्त्यावरून दिसतात. या वेळी साहेब म्हणाले, मॅडम, काहीतरी न वाळणारं लिहा. मी लिहिलं की इंटरनेटपासून लांब राहिलेल्या ज्येष्ठ नागरिकांना आम्ही टॅबलेट देऊ आणि ते वापरायला शिकवू. कंत्राट मिळालं. साहेबांना ऑफिसात पाठीमागे सगळे उद्दिष्टराव म्हणतात, कारण त्यांना घरचा पत्ता विचारला तरी ते आधी उद्दिष्ट सांगतात. ते इतके खूश झाले की या उपक्रमाचं सगळं काम त्यांनी माझ्याच गळ्यात घातलं.

लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या सासूबाई होत्या. याला कारण ठकीचं पाळणाघर.

ठकी म्हणजे आमची लेक, अजून तीनचीही नाही. मी ऑफिसातून सुटते तोपर्यंत पाळणाघर बंद झालेलं असतं आणि नवऱ्याची कामाची पाळी तर रात्रीच संपते, म्हणून तिला आणायला सासूबाई जायच्या. तिथल्या ताई त्यांना चांगल्या ओळखायच्या. दोघी दारात उभ्या राहून गुडघ्यांबद्दल बोलायच्या. मग पाळणाघरानं अॅप आणलं. न्यायला येणाऱ्यानं स्वतःच्या पडद्यावर त्या दिवसाचा कोड दाखवायचा, तरच मूल मिळणार. सासूबाईंकडे बटणांचा फोन. पहिल्या दिवशी त्यांना दारातूनच परत पाठवलं, आणि मी ऑफिस सोडून धावत पोचले तेव्हा ठकी पाठीला दप्तर अडकवून, बूट घालून, बंद फाटकाच्या आत बाकावर बसलेली होती. रडत नव्हती. ती रडत असती तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा ताई ओशाळून म्हणाल्या, मी आजींना ओळखते हो, पण वरून सांगितलंय. आणखी एकदा उशीर झाला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल. पुढची मुलं पुष्कळ होती. त्या दिवसापासून संध्याकाळ जवळ आली की मी लिफ्टच्या तक्रारी वाचायचे आणि मला फक्त तो बाक दिसायचा.

घरी शिकवून पाहिलं. नवऱ्यानं त्याचा जुना फोन त्यांना दिला आणि तिसऱ्याच प्रश्नाला तो स्वतःच्या आईवर वैतागला. मी वैतागले नाही, पण सुनेकडून शिकायचं म्हणजे सासूबाईंचा चेहरा इंजेक्शन घेताना होतो तसा व्हायचा. मग मी त्यांचं नाव आमच्याच वर्गात घातलं. नावनोंदणी फक्त वेबसाइटवरून होती. ती करता न येणाऱ्यांसाठीच हा वर्ग आहे, असं मी उद्दिष्टरावांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, बरोबर, म्हणूनच जे येतील ते जिद्दीचे असतील. शेवटी सगळ्यांची नावं मीच भरली.

वर्ग आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या सभागृहात भरायचा. टॅबलेट चारच घेतलेले, त्यामुळे एकेका टॅबलेटवर तीन-तीन डोकी. सुरुवातीला उद्घाटन झालं. मग फोटो काढणारा आला. सगळ्या आजी-आजोबांना पडद्याकडे बोट दाखवून हसायला सांगितलं, आणि पडदा बंद आहे हे एका आजोबांनी म्हटल्यावर फोटोत ते कळत नाही असं त्यांना समजावलं. पुढे दर वेळी वर्ग सुटताना पडद्यावर प्रश्न यायचा, आजचा वर्ग कसा वाटला? खाली तीन चेहरे. हसरा, गप्प आणि रडका. आमचा एक माणूस प्रत्येकाच्या मागे उभा राहून सांगायचा, हसरा चेहरा दाबा. कोणाचं बोट थरथरून भलतीकडे गेलं तर तो स्वतःच दाबायचा. हे मात्र सगळे फार लवकर शिकले. समाधान शंभर टक्के आलं. उद्दिष्टरावांनी ते ऑफिसच्या भिंतीवर लावलं.

शिकवायला आलेल्या बाई बाहेरच्या होत्या, नेहमी दमलेल्या, पण माणूस भला. कॅमेरा गेला की त्या खुर्ची ओढून मध्ये बसायच्या आणि विचारायच्या, आता बोला, तुम्हाला खरं काय हवंय? सासूबाई म्हणाल्या, नात हवीय. बाईंनी मला वरच्या मजल्यावर फोन केला, माझ्याकडून परवानगी घेतली आणि सासूबाईंच्या टॅबलेटवर पाळणाघराचं अॅप चढवलं. टॅबलेटमध्ये कंपनीचं सिमकार्ड होतंच. आठवड्याभरात सासूबाई कोड काढायला लागल्या. नुसत्या काढायला नाही, शेजारच्या आजींना दाखवायलाही लागल्या. मी जिन्यातून वाकून पाहायचे. अक्षर मोठं, बोट ठाम.

पण वर्ग सुटला की टॅबलेट कपाटात आणि कपाटाची किल्ली उद्दिष्टरावांच्या खिशात. घरी नवऱ्याच्या जुन्या फोनवर सगळी चित्रं इकडची तिकडे, कोड एवढासा, आणि सासूबाई म्हणायच्या, हा तो नाही. मी अर्ध्या रजा टाकून ठकीला आणत होते. रजा संपत आल्या होत्या. सांगता समारंभापर्यंत धीर धरा, असं मी त्यांना सांगत राहिले. त्या दिवशी टॅबलेट मिळणार होते. मीच तर लिहिलं होतं.

समारंभाच्या सकाळी उद्दिष्टरावांनी मला एक रिकामं खोकं दिलं. म्हणाले, मॅडम, तुम्ही मंचाच्या पडद्यामागे उभ्या राहा. मंचावर लाभार्थ्याला टॅबलेट द्यायचा, फोटो, टाळ्या. लाभार्थी मागून उतरला की तुम्ही तो काढून घ्यायचा, बोटांचे डाग पुसायचे आणि पुढे पाठवायचा. चारात सगळे होतात. मी विचारलं, आणि मग? मग पुढच्या कंत्राटाला हेच वापरू, ते म्हणाले. कंत्राट देणाऱ्या खात्याच्या बाई पाहणीला येऊन पहिल्या रांगेत बसणार होत्या. सगळ्यांना टॅबलेट दिल्याचा अहवाल त्यांच्याकडे आदल्या दिवशीच गेला होता.

समारंभ उशिरा सुरू झाला. पाळणाघर सुटायची वेळ जवळ आली तरी उद्दिष्टराव स्वतःच्या टॅबलेटवरून भाषण वाचत होते. कोणीही मागे राहणार नाही, असं ते तिसऱ्यांदा म्हणाले. अर्धी रजा त्या दिवशी शक्यच नव्हती. नवरा कामावर. मी पडद्यामागे खोकं धरून उभी, आणि जीव त्या बाकावर.

सासूबाईंचं नाव पहिलंच पुकारलं. त्यांनी टॅबलेट घेतला, उजेडात उलटसुलट करून तो आपलाच आहे याची खात्री केली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. टाळ्या झाल्या. मागच्या पायऱ्यांवरून त्या खाली आल्या तेव्हा मी खोकं पुढे केलं. हात नकळतच पुढे गेले.

त्यांनी खोक्यात वाकून पाहिलं. "हे कशाला?"

"आई, परत द्यायचाय. नुसता फोटोपुरता होता."

त्यांनी पिशवी उघडली, ठकीच्या स्वेटरमध्ये टॅबलेट गुंडाळला आणि पिशवीचे बंद आवळले.

"दिला ना मला? एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे काय खोट्या वाजवत होते?"

मी निविदा लिहिणारी बाई, पण असलं सरळ वाक्य मला कधी सुचलेलं नाही. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मागचं दार उघडून धरलं.

"कडेकडेनं जा," मी म्हटलं. "आणि रस्ता बघून ओलांडा."

त्यांच्या पाठोपाठ शेजारच्या आजी उतरल्या. त्यांनी उघडं दार पाहिलं, रिकामं खोकं पाहिलं आणि टॅबलेट पदराखाली घेऊन त्याही गेल्या. मग एक आजोबा. मग आणखी एक. कोणी धावलं नाही. पुढे मंचावर पाचवं नाव पुकारलं गेलं. पडद्याच्या फटीतून उद्दिष्टरावांचा हात मागे आला आणि हवेत चाचपडला. मी त्या हातात खोकं दिलं. हात खोकं घेऊन गेला, लगेच परत आला आणि त्यानं ते मला परत दिलं.

पाचवे आजोबा पडदा बंद आहे म्हणणारेच होते. ते मंचाच्या मधोमध हात पुढे करून उभे राहिले. कॅमेरावाला थांबला. खात्याच्या बाईंनी चष्मा वर सरकवला. उद्दिष्टरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि ज्यावर अजून निम्मं भाषण शिल्लक होतं तो स्वतःचा टॅबलेट हसत हसत आजोबांना दिला. टाळ्या सगळ्यांत मोठ्या तेव्हाच झाल्या. आजोबांनी पडदा चालू आहे हे तपासलं आणि मागे उतरून माझ्यासमोरून गेले. मी दार धरूनच उभी होते.

भाषण तिथेच संपलं. उरलेल्यांचं काय, असं खात्याच्या बाईंनी विचारलं. उद्दिष्टरावांना कागदाशिवाय बोलायची सवय नाही. त्यांच्या तोंडून निघून गेलं की येत्या सोमवारी. बाईंनी ते लिहून घेतलं.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. पाळणाघराचा निरोप होता: मूल आजीकडे सोपवले. मी ते खोकं उलटं केलं आणि त्यावर बसले.

सोमवारी उरलेल्यांना टॅबलेट मिळाले. माझी नोकरी गेली नाही, कारण टॅबलेट खरोखर देणारी आमचीच एक कंपनी निघाली आणि उद्दिष्टरावांना खात्याकडून शाबासकी आली. आता ते सभांमध्ये सांगतात की कायमचे द्यायचे, हे आपल्या मनात पहिल्यापासूनच होतं. पुढच्या निविदेत ते वाक्य मला घालायला लावलं. खोकं अजून माझ्या टेबलाखाली आहे.

पाळणाघराच्या ताई मात्र समारंभाच्या दुसऱ्या दिवशी मला जरा नाराज वाटल्या. कोड दाखवल्यावर त्यांचं अॅपही तीन चेहरे दाखवतं, आणि आजींनी रडका दाबला होता. घरी आल्यावर मी सासूबाईंना विचारलं. त्या ठकीच्या बुटांच्या नाड्या सोडवत होत्या.

"अगं, तिथे माझ्यामागे कोणी उभं नव्हतं," त्या म्हणाल्या.