बायविषयी एक ओळ

स्वतःच पुस्तक काढणाऱ्या माणसाविषयी महाडपासून पोलादपूरपर्यंत लोकांचं एकच मत आहे: निवृत्त झाल्यावर त्याला काही उद्योग उरला नाही. श्रीपत गुरुजींना हे मत ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही फारसं वेगळं नव्हतं. पुस्तकाला पुण्या-मुंबईचा प्रकाशक हवा, नाहीतर ते पुस्तकच नव्हे, असं त्यांना वाटायचं. दोन ठिकाणी त्यांनी हस्तलिखित पाठवलं. एकाचं उत्तर आलं नाही, दुसऱ्याचं आलं ते न येतं तर बरं होतं. मग एके दिवशी वही पिशवीत घालून ते महाडच्या बाजारपेठेत दत्तोपंतांच्या छापखान्यात गेले.

दत्तोपंतांनी अर्ध्या महाडच्या लग्नपत्रिका छापल्या होत्या, त्यामुळे माणसाच्या हौसेचं त्यांना नवल नव्हतं. त्यांनी गुरुजींच्या डोक्यातली खुळं एकेक करून काढायला घेतली. हजार प्रतींशिवाय पुस्तक छापत नाहीत, हे पहिलं. आता पन्नास काढा, संपल्या की आणखी पन्नास, मधे चुका दुरुस्त करा. पुस्तकाला आयएसबीएन नंबर मिळाला म्हणजे सरकारनं ते वाचून पास केलं, हे दुसरं. तो नुसता नंबर, आतलं खरं की खोटं कुणी बघत नाही, असं दत्तोपंतांनी सांगितलं तेव्हा गुरुजींचा चेहरा जरा उतरलाच.

तिसरं खूळ मात्र निघालं नाही. छापण्याआधी कुणाला तरी वाचायला द्या, निदान ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांना तरी, असं दत्तोपंत दोनदा म्हणाले. गुरुजी हसले. पुस्तक माझं, आठवणी माझ्या, त्यात दुसऱ्यानं काय तपासायचं? जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाला आपली वही कुणापुढे ठेवणं जड जातं.

पुस्तक होतं आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या त्यांच्या वाडीचं. त्यात डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली नाचणी होती, घाट उतरणाऱ्या एसटीचा आवाज होता, मुंबईहून गिरणीतल्या बापाची येणारी पत्रं होती. आणि पानोपानी होती बाय, म्हणजे त्यांची थोरली बहीण काशीबाई. आई सदा अंथरुणाला खिळलेली, म्हणून श्रीपतला वाढवलं ते बायनंच. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवरच्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं की ती त्याला पाठुंगळी घ्यायची, दप्तर डोक्यावर ठेवायची आणि पलीकडं नेऊन सोडायची. तिच्या ओल्या पाठीची ऊब गुरुजींना अडुसष्टाव्या वर्षीही आठवायची, आणि आठवली की लिहिणं थांबायचं.

बाय आता बहात्तरची होती, वाडीतच एकटी राहायची. गुरुजी मास्तर झाले, हेडमास्तर झाले, महाडला घर बांधलं, पण तिनं तोंडावर कधी कौतुक म्हणून केलं नाही. तिनं पुस्तक हातात घेऊन एकदा 'बरं लिवलंस' म्हणावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता. विक्रीची आशा त्यांनी केव्हाच सोडली होती. ओळखीच्या माणसाचं पुस्तक आपल्याकडे कुणी विकत घेत नाही, सही करून मागतात.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वाडीच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. त्यातल्याच एका रविवारी पुस्तकाचं प्रकाशन झालं. पहिली प्रत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे ठेवली, दुसरी बायच्या हातात दिली, आणि पंचवीस प्रती घरटी वाटल्या. लोकांनी आधी मागची बाजू पाहिली. सरकारी नंबर हाय, म्हणजे बरोबरच असणार, असं वाडीतला म्हातारा कोंडाजी सगळ्यांना सांगू लागला.

गुरुजींनी धरलं होतं की लोक प्रती घरी नेतील आणि सवडीनं वाचतील. ते वाडी विसरले होते. तिथं पुस्तक मनात वाचायची पद्धतच नाही. अंगणवाडीची उज्वला ठरलेल्या जागेवर बसली आणि खणखणीत आवाजात पहिल्या पानापासून वाचू लागली. बायका डोळे पुसत होत्या, म्हातारे माना डोलवत होते. बाय भिंतीला टेकून ऐकत होती आणि तिच्या ओठांच्या कडेला हसू होतं.

मग उज्वलानं वाचलं: "शाळेतून मला घरी आणताना बाय रोज माझा पाठ म्हणून घ्यायची. चुकलो तर पुन्हा म्हणायला लावायची. चौथीनंतर तिनं शाळा सोडली होती, तिला शाळेची आवड नव्हती. पण माझ्या अभ्यासावर तिचा कडक पहारा असायचा."

बाय उठली. गुडघे धरत, कुणाकडे न बघता विहाराबाहेर गेली. तिची प्रत सतरंजीवरच राहिली.

उज्वलाला काही कळलं नाही, ती वाचत राहिली. गुरुजींना मात्र पुढचं एक अक्षर ऐकू आलं नाही.

सकाळी ते प्रत घेऊन बायच्या पडवीत गेले. ती तांदूळ निवडत होती. तिनं त्यांना बस म्हटलं नाही, ते आपणच बसले. बाबा कायम असंच सांगायचे, मी तेच लिहिलं, असं ते चाचरत म्हणाले.

"बाबा सांगायचा," बाय सुपातून मान वर न करता म्हणाली. "त्याला मुंबयला बरं वाटावं म्हणून सांगायचा. तू पहिलीत गेलास, तवा घरात पाटी एकच व्हती. ती तुला दिली. आये निजलेली, घरात दुसरं कोन व्हतं?"

गुरुजींनी हातातली प्रत खाली ठेवली.

"आनि पाठ म्हनून घ्यायचे, ते तुझ्यावर पहारा नव्हता रे. आज वर्गात काय शिकवलं, ते मला पायजे व्हतं. तू दोनदा म्हटलंस की माझं पाठ व्हायचं. असं सातवीपर्यंत केलं. मंग तू बोर्डिंगला गेलास."

छत्तीस वर्षं शिकवूनही आपला पहिला विद्यार्थी कोण होता ते श्रीपत गुरुजींना माहीत नव्हतं. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. पुढच्या पन्नास प्रतींत ओळ बदलतो, दत्तोपंतांना आजच फोन करतो, असं ते म्हणाले.

"पुढल्या पन्नास जातील महाडात," बाय म्हणाली. "हितं सगल्यांनी आयकलंय ना. छापलेलं हाय, खरंच वाटनार त्यांना."

त्या संध्याकाळी विहारात गुरुजी सगळ्यांसमोर उभे राहिले. कालच्या पानावर आपली चूक आहे, ते पान आज बाय वाचेल, असं त्यांनी सांगितलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. काशीबाईला सहीपुरतं येतं, एवढंच वाडीला माहीत होतं. बायनं चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि वाचू लागली. आवाज बारीक होता, पण अक्षर अडत नव्हतं. त्या ओळीपाशी ती थांबली. छापलेलं तिनं वाचलं नाही.

"मला शाळा लय आवडायची," ती म्हणाली. "घरात पाटी एकच व्हती."

मागून कुणीतरी पेन मागितलं. उज्वलानं आपल्या प्रतीतली ओळ खोडली, कोंडाजीनं नातीकडून खोडून घेतली, आणि जिथं तिथं पुस्तकं उघडू लागली. गुरुजी सतरंजीवर मांडी घालून बसले आणि त्यांनीही आपल्या प्रतीतलं ते पान उघडलं.

बायनं सगळीकडे एकदा पाहिलं.

"सावकाश सांगते," ती म्हणाली. "लिवून घ्या."