अप्पांच्या उपदेशाची तळटीप

तळटीपबाईंचं खरं नाव विद्यालयात फारसं कुणी घेतच नसे. ईश्वरविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गाला बसायच्या आधी नव्या विद्यार्थ्यांना सहा आठवडे त्यांच्या हाताखाली काढावे लागत. ग्रंथालय कसं वापरायचं, शास्त्रभाग कसा वाचायचा, निबंध कसा लिहायचा आणि कुणाचं वाक्य घेतलं तर पानाच्या तळाशी त्याचं नाव कसं द्यायचं, हे सगळं त्या शिकवत. या शेवटच्या गोष्टीत त्या कुणाची गय करत नसत. पोरं म्हणायची, "स्वर्गाच्या दारात देवाने 'या' म्हटलं, तरी बाई विचारतील, संदर्भ कुठाय?" बाईंच्या कानावर ते आलं होतं. प्रश्न रास्तच आहे, असं त्यांचं मत होतं.

त्या वर्षीच्या वर्गात एक नर्स होती. वय त्रेचाळीस. एकोणीस वर्षं रुग्णालयात काढलेली. मरणाच्या दारातल्या माणसांजवळ बसणारं कुणी तरी शिकलेलं हवं, आणि ते आपण व्हावं, म्हणून ती आली होती. तिचे वडील एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक, चर्चमध्ये उपदेश करणारे. वर्षापूर्वी गेले. मागे उपदेशांच्या बावीस वह्या ठेवून गेले. बाईंना ही नर्स मनापासून आवडली होती. असं कुणी आवडलं की बाई त्याला जास्तच झापत, ही त्यांची खोड.

पाचव्या आठवड्यात प्रवेशाचा निबंध आला. बायबलात मेलेल्या मित्राला उठवण्याआधी त्याच्या कबरेपाशी प्रभू रडतो, त्या भागावर बारा पानं. बाई वाचू लागल्या आणि तिसऱ्या पानावर अडखळल्या. 'ज्याला मेलेल्याला उठवायचंच होतं, त्यानेही आधी रडायला वेळ काढला.' वाक्य सुरेख होतं. पण बाईंनी ते वाचलेलं होतं! त्या तशाच उठल्या, ग्रंथालयातल्या मागच्या कपाटापर्यंत गेल्या आणि धुळीतून बायबलवरचं एक जुनं भाष्य काढलं. लिहिणारा कोण, आता कुणाला ठाऊक नाही. पान एकसष्टवर तेच वाक्य, आणि निबंधाची पुढची आठ पानं शब्दाला शब्द.

बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. नक्कल सापडली की प्रवेश रद्द, हा विद्यालयाचा नियम, आणि तो करून घेतला होता तो बाईंनीच. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याला त्यांनी याच नियमाखाली घरी पाठवलं होतं. त्याच्या आईचा फोन आला, तरी त्या बधल्या नव्हत्या.

त्यांनी नर्सला बोलावलं. "हे कुठून घेतलंत?"

"अप्पांच्या वहीतून," ती अगदी सहज म्हणाली. "वडिलांच्या शब्दाला कसली तळटीप, बाई? लहानपणापासून ऐकत आले. अप्पांच्या अंत्यविधीला मीच हे वाचलं. पेशंट गेला की त्याच्या माणसांना हेच सांगते."

बाईंनी भाष्य तिच्यापुढे सरकवलं. ती वाचत गेली. मग तिने पहिलं पान उघडून छपाईचं साल पाहिलं. त्या साली अप्पा शाळेतही जात नव्हते.

"म्हणजे अप्पांनी चोरी केली?"

"असं कोण म्हणतंय?" बाई जरा चिडूनच म्हणाल्या. "व्यासपीठावरून कुणी तळटिपा वाचत नाही. चांगलं दिसलं, उतरवून घेतलं, लोकांना दिलं. सगळे पाळक तेच करतात. चूक इथे झाली, या कागदावर."

"मग मी जाते, बाई. नाव काढून टाका." ती उठलीच.

"बसा खाली! जाणं सोपं आहे."

बाई प्राचार्यांकडे गेल्या. वहीची झेरॉक्स आणि भाष्य दोन्ही टेबलावर ठेवलं, काही लपवलं नाही. "सर, छापील पुस्तकाचा संदर्भ कसा द्यायचा ते मी शिकवलं. घरातून, व्यासपीठावरून कानावर आलेल्या शब्दांचं काय करायचं, हे मला कधी सुचलंच नाही. तिला शिक्षा म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. गेल्या वर्षीच्या त्या मुलालाही मी कुठून घेतलंस, हे विचारलं नव्हतं." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज उतरला. सरांनी चष्मा पुसला आणि शुक्रवार दुपारपर्यंत मुदत दिली. नवा निबंध, त्याच विषयावर, फक्त स्वतःचं.

शुक्रवारी सरांनी साडेतीन पानांचा निबंध वाचला आणि प्रवेशाच्या कागदावर सही केली. बाईंनीही त्या मुलाच्या घरी पत्र धाडलं. पण ते सगळं नंतरचं. खरं घडलं ते गुरुवारी दुपारी, ग्रंथालयात.

वहीतलं अप्पांचं स्वतःचं काय आहे, ते शोधायला दोघी समोरासमोर बसल्या होत्या. एका बाजूला अप्पांची वही, दुसरीकडे भाष्य. नर्स एकेक ओळ वाचे, बाई पुस्तकात बोट ठेवत. "आहे." पुढची ओळ. "आहे." तासभर हेच चाललं. नर्सचा आवाज बारीक होत गेला. एकदा ती थांबली आणि म्हणाली, "बाई, यातून अप्पांचं काहीच उरलं नाही तर?"

 कधी नव्हे ते त्यांना वाटलं, आपण हा उद्योग आरंभायलाच नको होता. "पुढे वाचा," एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटची ओळही पुस्तकात निघाली. खाली 'आमेन' लिहिलेलं. नर्सने वही मिटली. आमेनच्या पुढे ती आजवर कधी गेलीच नव्हती.

"वही उघडा, पान उलटा," बाई म्हणाल्या. "मागची बाजू पाहिल्याशिवाय कागद सोडायचा नाही."

मागे पेन्सिलीने, बारीक अक्षरात, तारखेखाली तीन ओळी होत्या. नर्सने त्या मोठ्याने वाचल्या. 'आज हे सांगताना मध्येच थांबलो. प्रभू रडला, मला रडता येत नाही. पोरगी समोर बसली आहे.'

बाईंनी भाष्याची पानं पुढे-मागे चाळली. "हे यात नाही," त्या म्हणाल्या.

नर्सचं बोट तारखेवर होतं. "आईला पुरलं त्याच्या पुढच्या रविवारची आहे," ती म्हणाली. "मी नऊ वर्षांची होते. पहिल्याच बाकावर बसले होते. अप्पा मध्येच थांबले, पाणी प्यायले आणि परत बोलायला लागले. मला वाटलं, या माणसाला काहीच कसं वाटत नाही? चौतीस वर्षं, बाई. चौतीस वर्षं मी तो राग धरून बसले. शेवटच्या आजारपणातसुद्धा त्यांचं सगळं केलं, पण जवळ बसून कधी बोलले नाही."

आणि ती रडू लागली, हुंदके देऊन. ग्रंथपालाने मान वर केली, तेव्हा बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा आपल्या कामाला लागला. बाईंचेही डोळे भरून आले होते, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

बऱ्याच वेळाने नर्सने कोरा कागद पुढे ओढला. त्या तीन ओळी तिने उतरवल्या. मग विचारलं, "याची तळटीप कशी द्यायची?"

"आधी लेखकाचं पूर्ण नाव," बाई म्हणाल्या. "मग, उपदेशांची वही, अप्रकाशित. मग तारीख."

"लेखक? अप्पा?"

"या ओळी दुसऱ्या कुणाच्या आहेत का?"

"नाही."

"मग लिहा."

तिने पानाच्या तळाशी एक रेघ मारली आणि तिच्याखाली अप्पांचं पूर्ण नाव लिहिलं.