रस्त्यावरच्या कुरडया

दुपारच्या सामसुमीत खट्ट झालं. दाराची कडी. बाळाला पाजत होते ती तशीच उठले, तोवर आरोही उंबऱ्याबाहेर, आणि कोपऱ्यावरून गोरखभाऊंचा टोमॅटोचा पिकअप हॉर्न देत आलेला. दंडाला धरून तिला आत ओढलं. पाच वर्षांची पोर, कडी काढायला नुकतीच शिकलेली.

आळीचा रस्ता दिवाळीत डांबरी झाला तेव्हा नारळ आम्हीच फोडला होता. आता नारायणगावच्या मार्केटला जाणाऱ्या सगळ्या गाड्या इथूनच निघतात. गोरखभाऊ शेजारचेच. मी दोनदा सांगून पाहिलं, तर हसून म्हणाले, वहिनी, मी हॉर्न देतो की.

संध्याकाळी सासूबाईंपुढे मला रडूच आलं. मी त्यांना आत्याबाई म्हणते; त्यांचं बोलणं मुळात कमी. त्यांनी एवढंच विचारलं, कुरडयांचे गहू भिजत घातलेत ना?

चौथ्या दिवशी चीक शिजला. दरवर्षी आम्ही कुरडया स्लॅबवर घालतो. या वर्षी आत्याबाईंनी पातेलं थेट रस्त्यावर आणायला लावलं. आमच्या दारापुढे अर्ध्या रस्त्यापर्यंत जुनं लुगडं अंथरलं. पुढच्या घराचं लुगडं समोरच्या कडेनं, त्याच्या पुढचं पुन्हा आमच्या कडेनं. सगळी आळी राजी झाली, कारण पोरं सगळ्यांचीच. सोऱ्या दिला भागूबाईंच्या हातात. त्या गोरखभाऊंच्या आई.

शेवटचा घाणा चालू होता आणि पिकअप आला. हॉर्न. परत हॉर्न.

"वाजव, वाजव," भागूबाई मान वर न करता म्हणाल्या. "कुरडया उठून बाजूला व्हतील."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गोरखभाऊंनी मुकाट्यानं पहिला गिअर टाकला. या कडेनं, त्या कडेनं, खिडकीतून डोकं काढून चाकाकडं बघत गेले. एक कुरडई मोडली नाही. मागचे दोन टेम्पोही तसेच गेले. भागूबाईंनी जाहीर करून टाकलं, आता पापड, मग सांडगे, पाऊस लागेस्तोवर वाळवण हितंच.

मी पायरीवर टेकले. बाळ मांडीवर झोपलेलं, दार सताड उघडं, आणि आज माझं लक्ष कडीकडं नव्हतं. आरोही ओली कुरडई खात शेजारी येऊन बसली. तिच्या गालाला लागलेला चीक मी पदरानं पुसला. ती रस्त्याकडं बघत होती.

"आई, कुरडई दिसली की गोरखकाका हळू जातो. मग मी दिसले की नुसता हॉर्न का वाजवतो?"