क्लचची करणी

हैदराबादेतल्या नारायणगुड्याच्या त्या गल्लीत सकाळपासून मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध लक्ष्मणरावांची डिझेल गाडी, गळ्यात झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. बॉनेटवर हात ठेवून चाकेश्वर बाबा उभे आणि आत स्टीअरिंगपाशी घामाघूम लक्ष्मणराव.

"नक्को घबराओ भाई!" बाबा गरजले. "गाडी कू करणी करे सो है. मैं नाम लेतूं, तुम हर नाम पे पाँव दबाओ. चाकेश्वराय नमः! धुरेश्वराय नमः! गियरेश्वराय नमः!"

गियरेश्वर हा देव कोणत्या पुराणातला, हे कुणी विचारलं नाही. लक्ष्मणराव नावागणिक क्लच दाबत राहिले. आधी पाय चिखलात रुतावा तसा तळाला जात होता. हळूहळू पेडल घट्ट झालं, वर आलं. खटकन पहिला गियर पडला, गाडी हातभर पुढे सरकली, आणि गल्लीने एकच जयजयकार केला.

लक्ष्मणरावांना मात्र रडू येत होतं. नवा जमाना आला, माणसं कमी लागतात म्हणून कारखान्याने त्यांना मुदतीआधीच घरी बसवलं होतं. हाती आलेलं सगळं त्यांनी या गाडीत घातलं, सिकंदराबाद स्टेशनवर भाडी मारायला. दसरा सरला आणि गाडी रुसली. भर चौकात गियर पडेना, मागून हॉर्नचा कल्ला, आणि हे आपले पाय आपटत बसलेले. बाबांच्या मंत्राचा असरही गल्लीच्या तोंडापर्यंतच टिके. पेडलखालची चटई सदा ओली. "गाडी के आँसू हैं," बाबा म्हणत.

असर टिकत का नाही, याचंही उत्तर बाबांकडे तयार होतं. करणी करणारी जवळच आहे, पूर्वेच्या घरात. विधवा आहे. गाडीत पहिलं पाऊल तिचंच पडलं.

पूर्वेचं घर कोंडाबाईंचं. कोठी भागातल्या एका दवाखान्यात त्या आया होत्या. लक्ष्मणरावांच्या पोरी त्यांच्याच मांडीवर वाढल्या. पूजेच्या दिवशी "पहिलं तुम्हीच बसायचं" असा आग्रह खुद्द लक्ष्मणरावांनी केला होता.

काल संध्याकाळी गल्ली त्यांच्या दारात जमली. "माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, मी कुठून करणी शिकणार?" कोंडाबाई म्हणाल्या. मग गर्दीतल्या एकाच माणसाकडे वळल्या. "लक्ष्मणराव, तुम्ही तरी सांगा की यांना!"

लक्ष्मणराव मनातल्या मनात हिशोब करू लागले. बोलावं तर बाबा कोपणार, गाडी जाणार, चूल विझणार. बायको गंगू त्यांच्याकडे बघत राहिली. पत्र्यावर पहिला दगड पडला तेव्हाही ते गप्पच होते. आज त्या दाराला कुलूप होतं.

"कोंडाबाई कुठायत?" गर्दीतून खणखणीत आवाज आला. दवाखान्याच्या डॉक्टर त्रिवेणीबाई होत्या. न सांगता कधी खाडा न करणारी बाई आली नाही, म्हणून त्या शोधत आल्या होत्या. लोकांनी तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. त्या तडक गाडीपाशी गेल्या.

"लक्ष्मणराव, पाय काढा. जरा थांबा. आता दाबा."

पेडल पुन्हा तळाला गेलं.

"आता मी नावं घेते. वांगं! भेंडी! दोडका! दाबा की भराभर! वांगं! भेंडी! दोडका!"

पेडल वर आलं. गियर पडला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, "हौ की, दोडकेश्वर पावला!"

"डॉक्टरणी देव कू नई मानती! पाप लगता!" बाबा ओरडले.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीतून बिनसुईची सिरिंज काढली. पाणी भरलं, तिच्या तोंडावर बोट दाबलं. "हा दट्ट्या ढकला." तो हलला नाही. मग थोडी हवा घेऊन पुन्हा बोट लावलं. दट्ट्या मऊसूत आत गेला.

"पाणी दबत नाही, हवा दबते. क्लचच्या नळीतही असंच तेल असतं. त्यात हवा शिरली की पायाचा जोर हवाच खाऊन टाकते. भराभर दाबलं की वरच्या डबीतलं थोडं तेल नळीत उतरतं, म्हणून पेडल घटकाभर वर येतं. शिव्या दिल्या असत्या तरी आलं असतं."

"पण हवा शिरली कशी?" गंगूने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चटई उचलली, बोट बुडवून हुंगलं. "तिळाचं तेल? त्या डबीत काय घातलंत?"

लक्ष्मणरावांचा चेहरा उतरला. "खंडेनवमीला घरच्या प्रत्येक यंत्राला तेल पाजायची रीत आहे आमच्यात. शिलाई मशीन, सायकल, सगळ्यांना. बॉनेट उघडलं, लहानशी डबी दिसली. समईतलं तेल ओतलं."

"तिथं वेगळंच तेल लागतं. माझ्या ड्रायव्हरनेही भलतंच ओतलं होतं, तेव्हा मी शिकले. आतली रबरं फुगली, फाटली. तेल गळलं, हवा शिरली. करणी झाली खरी, पण ती तुमच्याच हातची."

बाबा कधी सटकले कळलं नाही. दक्षिणेचं ताट मात्र त्यांच्याबरोबर गेलं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी गॅरेजातून बोलावलेल्या अप्पाराव मिस्त्रीने रबरं बदलली, जुनं तेल काढून नवं भरलं. खालच्या नटाला सलाइनची नळी लावून तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलं. "दाबा! धरके रखो!" लक्ष्मणरावांनी पाय दाबून धरला, मिस्त्रीने नट सैल केला, नळीतून बुडबुडे निघाले. नट आवळला. "अब छोडो!" बुडबुडे संपेपर्यंत हेच चाललं. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

तशीच गाडी घेऊन लक्ष्मणराव सिकंदराबादला, कोंडाबाईंच्या भावाच्या घरी गेले; दगड पडले त्या रात्रीच त्या तिथे निघून गेल्या होत्या. त्या दारात आल्या.

"चला कोंडाबाई, बसा. गाडी बरी झाली. तिच्यात हवा शिरली होती."

"गाडीत हवा शिरली होती. तुमच्यात काय शिरलं होतं, लक्ष्मणराव? तुम्ही तर मला ओळखत होता."

कोंडाबाईंनी पाठ फिरवली. दार लागलं. लक्ष्मणराव रिकामी गाडी घेऊन परतले.

तर मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा वांगं-भेंडी म्हणून बघा. यंत्र बिघडलं तर कारण यंत्रातच शोधा. आणि कुणा बाईच्या दाराकडे बोट दाखवण्याआधी आपल्या पायाखालची चटई उचला. गाडी दुरुस्त व्हायला एक दुपार पुरली. पूर्वेच्या घराचं कुलूप अजून तसंच आहे.