काकपद

“सिस्टर, थांबा! औषध चुकतंय!” तो वॉर्डातल्या खुर्चीवरून ताडकन उठला, आणि सलाईनमध्ये औषध भरणारी नर्स जागीच थबकली.

त्याच्या हातात औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद होता. छापखान्यात तीस वर्षं तो असलेच कागद तपासत आला होता. मुंगीएवढी अक्षरं वाचून डोळ्यांची पार वाट लागली, म्हणून सगळे त्याला ‘भिंग’ म्हणत. हा कागद तर त्यानेच तपासलेला. कशासाठी वापरावे, तर ‘तापाच्या गोळ्या अतिप्रमाणात घेतल्यास’. बस, एवढंच.

पलंगावर त्याची लेक काविळीने पिवळीजर्द पडली होती. सकाळपासून ती बापालाही ओळखत नव्हती.

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. औषध बरोबर असेल, तर पोरीने गोळ्या घेतल्या असणार. गेल्याच आठवड्यात तो तिच्यावर नको तितका ओरडला होता.

“डॉक्टरबाई, खरं सांगा. तिनं काही खाल्लंय का?”

“छे हो, काका! कावीळच आहे, पण बिघडली. लिव्हर झपाट्यानं निकामी होतंय.” डॉक्टरबाई त्याच्याशेजारी टेकल्या. “आम्ही ज्यासाठी देतोय ते कागदावर नाही, खरंय. तरी अशा पेशंटना आम्ही हे देतो. लवकर दिलं तर काही वाचतात. सगळे नाही. सही कराल?”

मूळ प्रतीत नाही ते छापील पानात घ्यायचं नाही, हा त्याचा जन्माचा हेका. त्यापायी भल्याभल्यांशी वाजलं होतं. त्याने कागदाची घडी घातली, खिशात टाकली आणि सही केली.

चौथ्या दिवशी दुपारी तो चष्म्यासाठी खिसे चाचपत होता.

“बाबा, डोक्यावर आहे,” लेक पुटपुटली.

तो लहान मुलासारखा रडला. मग दिसेल त्याचे हात धरून आभार मानत सुटला, फरशी पुसणाऱ्या मावशींचेसुद्धा.

दोन महिन्यांनी तोच कागद पुन्हा छपाईला आला. त्याने अक्षर न् अक्षर वाचलं. चूक एकही नव्हती. तरी ‘गोळ्या अतिप्रमाणात घेतल्यास’च्या पुढे त्याने पेन्सिलीने काकपद काढलं, शब्द सुटल्याची खूण. त्यावर काविळीचं नाव लिहायचा त्याला अधिकार नव्हता. डॉक्टरबाईंना मनोमन हात जोडून तो त्या खुणेकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ती हलक्या हाताने खोडली, रबराचा चुरा फुंकला आणि खाली लिहिलं, ‘छापण्यास हरकत नाही.’