पडद्यावरचं अस्वल

रविवारी दुपारी उटनूरच्या दौलतमास्तरांनी भाड्यानं व्हीसीआर आणला आणि शाळेतल्या इतर मास्तरांना घरी बोलावलं. इंग्रजी पिक्चर होता. बर्फातलं जंगल, एकटा माणूस, समोर अस्वल.

"मी बी एक दिवस असाच जंगलात जाऊन राहीन," दौलतमास्तर म्हणाले.

"सर, तुमचं अस्वल सांगा नं," त्यांच्यातले भगवानराव म्हणाले.

मास्तरांनी कॅसेट थांबवली. मोहफुलं वेचताना अस्वल कसं अंगावर आलं, आपण त्याच्या तोंडावर टोपली हाणून कुऱ्हाड कशी उगारली, हे त्यांनी रंगवून सांगितलं. दर वेळी ती कुऱ्हाड थोडी मोठी होई. आज मात्र त्यांची आई सखूबाई चहा घेऊन दारात उभी होती.

ही गोष्ट जरा मागं घेऊ. पहाटेचं मोहाचं झाड. सोळा वर्षांचा दौलत मागं न बघता पळतोय. टोपली आईच्या हातात आहे, कुऱ्हाडही.

आता पुन्हा पुढं.

"मावशी, तुमी तं लय भेल्या असान," भगवानराव म्हणाले.

मास्तरांनी मान खाली घातली. आता ती सांगणार.

"भेलेच नं. पर माहा दौलत पहिल्यापासून धीराचा हाय. च्या घ्या, थंडा होते."

कप ठेवताना तिनं उजव्या हातावर पदर ओढून घेतला. कोपरापर्यंतचे नखांचे जुने वण झाकले गेले.

"सर, चालवा नं पुढं," भगवानराव म्हणाले.

मास्तरांना बटण सापडेना.